तीन महिन्यांचा मुक्काम



८ सप्टेंबर जवळ आला, मरियामातेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना सुरू झाली, की आपल्या भागातील घराघरांत हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे वेध लागतात. कोणी बसने श्रीरामपूर गाठतो, कोणी चार घरे मिळून टेम्पो ठरवतो, कोणी नवस फेडायला पायी निघतो. या नवसांमध्ये एक नवस आमच्या कानावर दरवर्षी येतो. 'मतमाउली, आमची ओटी भर.' आणि मग एखाद्या वर्षी तेच जोडपे दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन आशीर्वादासाठी उभे राहते, तेव्हा त्यांच्याइतकाच आनंद आम्हालाही होतो.

मूल मागण्यासाठी आपण नऊ दिवस उपवास करतो, अनवाणी चालतो. मात्र ते मूल हातात आल्यावर त्याला कसे धरायचे, कसे पाजायचे, ते आजारी आहे हे कसे ओळखायचे, हे शिकण्यासाठी आपण किती तास देतो? हा प्रश्न आज आम्ही तुम्हाला विचारत आहोत, पण त्याआधी तो आम्ही स्वतःला विचारला आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील मरिया आणि अलिशिबेच्या भेटीचा प्रसंग आपण सर्वजण जाणतो. जपमाळेतील आनंदाच्या रहस्यांमध्ये तो दुसरा. देवदूताचा निरोप मिळताच मरिया डोंगराळ प्रदेशाकडे घाईने निघते. आपण या प्रसंगावर मनन करताना दोन मातांच्या अभिवादनाशी थांबतो, मरियेच्या स्तोत्राशी थांबतो, आणि तेथेच पान उलटतो. परंतु त्या प्रसंगाच्या शेवटी लूकने एक साधी नोंद केली आहे. मरिया सुमारे तीन महिने तेथे राहिली. अलिशिबेला तेव्हा सहावा महिना होता. सहा आणि तीन नऊ. हिशेब तुम्हीच करा. बाळंतपणाच्या वेळी मरिया तेथे होती की नव्हती यावर विद्वानांमध्ये मतभेद आहेत, पण शेवटचे तीन महिने, जे सर्वांत जड असतात, ती त्या घरी होती यात शंका नाही. नाझरेथहून यहुदियाच्या डोंगराळ भागापर्यंत अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचे. एवढी वाट चालून आलेली ती तरुण मुलगी तीन महिने काय करीत असेल? पाणी भरत असेल, दळत असेल, वयस्कर अलिशिबेचे पाय चेपत असेल. आणि शिकतही असेल. कारण तिच्याही पोटात बाळ होते, आणि पुढे तिला स्वतःचे बाळंतपण गव्हाणीत, आईवाचून, सासूवाचून, परक्या गावात करायचे होते. आम्हाला वाटते, जगातला पहिला प्रसूतिपूर्व वर्ग जखऱ्याच्या त्या घरात भरला होता. शिकवणारी एक, शिकणारी एक, आणि दोघीही गरोदर.

आणि घरातला पुरुष? जखऱ्या तर मुका झाला होता. तो याजक होता, मंदिरात सेवा करणारा, धर्मशास्त्र जाणणारा. बाळाच्या नावाची पाटी लिहीपर्यंत त्याला एक शब्द बोलता आला नाही. आम्हा धर्मगुरूंना हा प्रसंग वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते. याजकाने काही काळ गप्प बसून बायकांचे बोलणे ऐकावे, अशी देवाचीच योजना असावी!

तेव्हा काही मंडळी म्हणतील, आणि म्हणालीही आहेत, की फादरांना बाळंतपणातले काय कळते? खरे आहे. काही कळत नाही. म्हणून तर हे लिहिण्यापूर्वी आम्ही परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या धर्मभगिनींजवळ, आपल्या महिला मंडळातील आयांजवळ आणि दोन डॉक्टरांजवळ बसून ऐकले. तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसची एक गोष्ट आम्ही वाचली होती. त्याची आई फेनारेटी सुईण होती, आणि तो स्वतःच्या शिकवण्यालाही सुईणपणच म्हणत असे. सुईण बाळ तयार करीत नाही, ती ते सुखरूप बाहेर येऊ देते. परीक्षेपुरते आम्ही ते पाठ केले होते. त्यातली सुईण ही खरोखरची बाई होती, तिचे हात रक्ताने माखत होते, हे लक्षात यायला आम्हाला वीस वर्षे लागली.

आता कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, आपल्या धर्मग्रामातील एका तरुण दांपत्याच्या बाळाला आम्ही माती दिली. ते दोघे आता शिर्डीत राहत नाहीत. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत, नाव अर्थातच लिहिणार नाही. तो एका लॉजमध्ये रात्रपाळीला होता. गाव दूर, माहेर त्याहून दूर, आई आजारी, म्हणून पहिले बाळंतपण असूनही ती येथेच, भाड्याच्या एका खोलीत राहिली. बाळंतपण दवाखान्यात नीट झाले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. पाचव्या दिवशी बाळ शांत झाले. रडेना, दूध ओढेना, नुसते झोपून राही. शेजारणी म्हणाल्या, 'भाग्यवान आहेस, किती शांत बाळ आहे!' रात्री तिला बाळाचे पाय गार लागले. थंडी आहे म्हणून तिने आणखी एक चादर घातली. नवऱ्याला फोन करावा असे एकदा मनात आले, पण नाताळाच्या सुटीची गर्दी, लॉज भरलेले, त्याला कशाला त्रास द्यायचा? सकाळी तो आला तेव्हा फार उशीर झाला होता. गर्दीतून रिक्षा दवाखान्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाळ गेले.

कबरस्थानात ती आम्हाला म्हणाली, "फादर, बाळ रडत नव्हतं म्हणून मी रात्रभर देवाचे आभार मानत होते."

प्रिय बंधू-भगिनींनो, हे वाक्य त्या दिवसापासून आमच्याबरोबर आहे. त्या दोघांचा विवाह आम्हीच लावला होता. विवाहापूर्वी दोन दिवसांच्या मार्गदर्शन शिबिरासाठी ती दोघे आपल्याच सभागृहात बसली होती. त्या शिबिराचे वेळापत्रक आम्ही नंतर काढून पाहिले. विवाहसंस्काराचे ईशज्ञान दोन तास. ख्रिस्तसभेचे विवाहविषयक कायदे एक तास. नैसर्गिक कुटुंबनियोजन एक तास. फोटोग्राफरने वेदीजवळ कोठे उभे राहू नये यावर अर्धा तास. नवजात बाळाने दूध सोडले, ते गार पडले, तर तो धोक्याचा इशारा असतो आणि घड्याळ न बघता दवाखान्यात जायचे असते, हे एक वाक्य आमच्या दोन दिवसांत कोठेच नव्हते. ते वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात.

म्हणून आपल्या धर्मग्रामात पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्या पतींसाठी वर्ग सुरू करायचे ठरले आहे. त्यात काय शिकवावे, याविषयी आमच्या मनातील विचार आज तुमच्यापुढे ठेवतो.

हे काही नवीन काम नाही, आणि त्यासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. शिर्डीहून जामखेड साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे मरिया चालली जवळजवळ तितकेच. आपल्याच जिल्ह्याच्या या दुसऱ्या टोकाला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य येऊन राहिले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मोठ्या शहरात दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. ते कॅथोलिक नव्हते, आपल्या प्रॉटेस्टंट बंधुमंडळीतले होते, पण प्रभूचे काम करताना असा भेद कोण पाहतो! तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी दीडशेहून अधिक बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. आरोळे दांपत्याच्या लक्षात आले की दवाखाना बांधून हे थांबणार नाही, कारण बाळे दवाखान्यात नव्हे, घरात मरत होती. आणि शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडलेल्या बायकांपैकी पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जाऊन गावातल्या गरोदर बायकांना शिकवीत. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्या गावांमधील बालमृत्यूचा आकडा हजारी तिशीच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली प्रभूकडे गेले.

त्यांच्यातली एक आरोग्यसेविका १९८८ साली वॉशिंग्टनला एका मोठ्या सभेत बोलायला उभी राहिली. डोक्यावरच्या झगमगत्या झुंबराकडे बोट करून तिने जे सांगितले त्याचा आशय असा: डॉक्टर या झुंबरासारखे आहेत, सुंदर, पण महाग आणि जागचे न हलणारे, आम्ही पणत्या आहोत, एका पणतीवर दुसरी लावता येते. झुंबर लागतेच, हे आम्ही येथे आवर्जून सांगतो. लोणीला, शिर्डीला मोठी रुग्णालये आहेत ही देवाची कृपा आहे. पण बाळाचे पाय गार आहेत हे रात्री दोन वाजता झुंबराला कळत नाही.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच गोष्ट आकड्यांनी सिद्ध केली. ३९ गावांत साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. त्यातूनच पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी यायचे असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची नोंद अनेकदा कोठेच नसते. तेव्हा अशांनी सातव्या महिन्यातच आपल्या भागातील आशाताई शोधून आपले नाव स्वतः सांगावे. ती भेट मागणे हा आपला हक्क आहे.

आता वर्गात काय शिकवावे याकडे येतो. महाराष्ट्रात आजकाल गर्भसंस्काराच्या वर्गांचे मोठे पेव फुटले आहे. त्यांतील चांगले ते आम्ही नाकारीत नाही. पोटातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो, जन्मानंतर ते तो ओळखते, हे शास्त्रज्ञांनीही दाखवले आहे. मरियेचा आवाज ऐकून योहानाने आईच्या पोटात उडी मारली हे तर आपण शुभवर्तमानातच वाचतो. तेव्हा आईने प्रार्थना करावी, गावे, बाळाशी बोलावे. मात्र बाळ हुशार, गोरे, पहिल्या नंबरचे व्हावे म्हणून पोटावर हेडफोन लावणे आणि हजारो रुपये भरणे, हे आम्हाला पटत नाही. बाळ देवाने पाठवलेला पाहुणा आहे, आपण मागवलेला माल नव्हे.

आणि अशा वर्गांची खरी उणीव आम्हाला दुसरीच वाटते. महाभारतातील अभिमन्यूची गोष्ट आपल्या शाळांत सर्वांनी ऐकली आहे. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरायचे कसे ते ऐकले, आणि आईला झोप लागल्यामुळे बाहेर पडायचे कसे ते राहून गेले. आमचे सारे वर्ग, सारी पुस्तके प्रसूतीपर्यंत येतात. कळा कशा सोसाव्यात, श्वास कसा घ्यावा. पण व्यूह तर पुढे असतो. दवाखान्यातून घरी आल्यावरचे ते चाळीस दिवस. आई दमलेली, रात्री जागरण, पाजताना स्तनाला चिरा, बाळ का रडते ते कळेना, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस सल्ला देऊन जातो. आम्ही निवृत्त परिचारिका भगिनींना विचारले, एकच तास मिळाला तर काय शिकवाल? त्या म्हणाल्या, "फादर, पहिला आठवडा शिकवीन."

तो पहिला आठवडा असा. बाळ जन्मल्याबरोबर, दोघेही ठीक असतील तर, आईच्या उघड्या छातीवर. पहिल्या तासात अंगावर पाजणे. पहिले पिवळसर घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो आणि पुष्कळ घरांत अजूनही पिळून टाकतात, ते बाळाचे पहिले औषध आहे. ते टाकू नका. मधाचे बोट नको, साखरपाणी नको, बाळगुटी नको. मध तर पहिले वर्षभर नको. सहा महिने फक्त आईचे दूध, उन्हाळ्यातही वरचे पाणी नाही. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवा. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. डोळ्यांत काजळ घालू नका. आणि बाळाने दूध ओढणे सोडले, ते गार पडले किंवा तापले, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, नुसते निपचित पडून राहिले, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीला लावून, वरून पांघरूण घेऊन निघायचे. कांगारूसारखी ही पद्धत १९७८ साली बोगोटा शहरातील डॉक्टरांनी सुरू केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या पेट्या पुरेशा नव्हत्या. बापाच्या छातीतही आईइतकीच ऊब असते. ही गोष्ट पुष्कळ बापांना माहीत नाही.

आईच्याही धोक्याच्या खुणा आहेत. गरोदरपणात डोके फार दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव किंवा ताप. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. आपल्यापैकी हॉटेलात, दुकानांत काम करणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी सुटी मागून घ्यावी, आणि मालक आपल्याच धर्मग्रामातील असेल तर त्याने ती न मागता द्यावी.

वेदनेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे धर्माचे नाव घेतले जाते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला देऊन 'कळा या स्त्रीच्या नशिबीच लिहिल्या आहेत, मुकाट सोसाव्यात' असे म्हणणारे लोक आपल्यातही आहेत. १८४७ साली एडिंबरोचे डॉ. सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला तेव्हाही काही धार्मिक मंडळींनी हाच आक्षेप घेतला होता. पुढे १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने स्वतः तो घेतला आणि चर्चा थंडावली. आपल्या ख्रिस्तसभेत ८ जानेवारी १९५६ रोजी परमगुरू बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे या विषयावर स्वतंत्र भाषण केले. स्त्रीला आधीच समजावून, श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे शिक्षण देऊन वेदना कमी करण्याची पद्धत तेव्हा युरोपात नवी होती. त्यात नीतीच्या विरुद्ध काही नाही आणि पवित्र शास्त्र वेदना कमी करायला मनाई करीत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. शेती करताना काटे उगवतील असेही त्याच अध्यायात आहे. म्हणून आपण खुरपणी सोडली काय?

आणि ज्या वेदनेला आवाज नसतो तिच्याविषयी. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे पुष्कळजणींना होते, ते आपोआप जाते. पण दोन आठवडे उलटूनही बाई उदास राहिली, तिला झोप येईना, बाळाकडे बघवेना, जगणे नको वाटू लागले, तर तो आजार आहे. भारतातल्या अभ्यासांवरून साधारण पाच बाळंतिणींमागे एकीला तो होतो असा अंदाज आहे. त्यावर उपचार आहेत. आमच्याकडे अशा भगिनी प्रायश्चित्त संस्कारासाठी येतात आणि 'बाळावर माया येत नाही' हे पाप म्हणून सांगतात. भगिनींनो, ते पाप नाही. डॉक्टरांकडे जा, आणि हवे तर आमच्याकडे नंतर या.

घरातील मोठ्यांनो, आता तुमच्याशी. आम्ही असे ठरवले आहे की या वर्गात सासूबाईंनाही बोलवायचे. मुलीला आम्ही चिकाचे दूध पाजायला शिकवू, आणि घरी गेल्यावर सासूबाई मधाची बाटली काढतील, तर शिकवण्याचा उपयोग काय? पण आम्ही तुम्हाला अडाणी समजतो असे मानू नका. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला सव्वा महिना विसावा, तिच्याजवळ सतत एखादी बाई असणे, हे सारे तुमचे शहाणपण आहे आणि डॉक्टरही त्याला नाही म्हणत नाहीत. त्या भाड्याच्या खोलीत एखादी आजी असती तर कदाचित ते बाळ वाचले असते. तेव्हा जुने टाकायचे नाही, पाखडून घ्यायचे आहे.

पाखडताना एक गोष्ट मात्र सुपाबाहेर गेलीच पाहिजे. 'मुलगीच झाली?' हा 'च'. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ सालचा आहे. ८ सप्टेंबरला आपण एका मुलीचाच जन्मोत्सव साजरा करतो, एवढे लक्षात ठेवावे.

सुवेराबद्दलही स्पष्ट सांगतो. बाळंतीण चाळीस दिवस मंदिराची पायरी चढत नाही, कारण ती विटाळशी आहे, असे आपल्याही घरांत मानतात. विश्रांतीसाठी घरी राहत असाल तर अवश्य राहा. पण ती अपवित्र नाही. सध्याच्या स्नानसंस्काराच्या विधीत आईसाठी खास आशीर्वाद आहे, आणि त्यासाठी आईने तेथे असायला हवे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार (नियम ८६७) बाळाचा स्नानसंस्कार पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, आणि त्याच्या तयारीसाठी आईवडिलांनी जन्मानंतर लवकर, शक्य तर जन्माआधीच, धर्मगुरूंना भेटावे. जन्माआधी! म्हणजे आमचा वर्ग हा काही आमचा छंद नाही, तो आमच्यावर सोपवलेला आहे, आणि आम्हीच तो विसरलो होतो.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर धर्मगुरूंची वाट पाहू नये. कोणीही, परिचारिकेनेही, ख्रिस्तसभेच्या हेतूने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार द्यावा. हे वर्गात सर्वांना करून दाखवले जाईल. आणि तेवढाही वेळ मिळाला नाही तर? त्या बाळाच्या आजीने कबरस्थानात आम्हाला हेच विचारले होते, "फादर, पाणी पडलं नव्हतं. कुठं गेलं असेल ते?" कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवायला शिकवतो, आणि २००७ साली ख्रिस्तसभेच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत असे म्हटले. आम्ही आजीला एवढेच म्हणालो, "ज्याने लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हटले, त्याच्याकडे." ती रडत होती, पण तिने मान हलवली.

बापांविषयी शेवटी लिहीत आहोत, पण वर्गात ते पहिल्या बाकावर बसतील. बायकोला सातव्या महिन्यात माहेरी पोहोचवायचे आणि बारशाला पेढे घेऊन जायचे, एवढेच बापाचे काम, असे मानणारी पिढी आम्ही पाहिली. आता माहेरे दूर गेली, खोल्या लहान झाल्या. बाळाला आंघोळ घालणे, दुपटी धुणे, ढेकर काढणे, रात्री एक पाळी जागणे, हे सारे हात असलेल्या कोणालाही येते. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, पण तो रात्री उठला, बाळ आणि आई यांना घेऊन मिसरला निघाला, हे आहे. आणखी एक. बाळ तासन्‌तास रडले, तुमचा तोल सुटू लागला, तर बाळाला पाठीवर सुरक्षित झोपवून दोन मिनिटे दाराबाहेर जा. बाळाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला इजा होते. आणि तुम्ही रात्रपाळीला असाल तर बायकोला सांगून ठेवा, 'केव्हाही फोन कर, मालक काय म्हणेल ते मी बघेन.' हे वाक्य आधी बोलून ठेवावे लागते.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांभोवती कोप्या पडतील. त्यांत दिवस भरत आलेल्या बायका मोळ्या उचलताना दिसतील, कारण एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तो आपण वाचला आणि विसरलो. त्या आपल्या वर्गाला येणार नाहीत. आपल्यालाच जावे लागेल. त्या कोणत्या धर्माच्या आहेत हे विचारायचे नाही, अलिशिबेच्या दारात मरियेनेही काही विचारले नव्हते. युवक मंडळाने कोप्यांची पाहणी करून आशाताईंना यादी द्यायचे मान्य केले आहे.

वर्ग येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात सुरू होतील, चार रविवार, प्रत्येकी दीड तास. शुल्क नाही. पाचव्या महिन्यापुढील भगिनींनी पतीसह यावे. पती रात्रपाळी करून आला असेल तर त्याला मागच्या बाकावर डुलकी घ्यायची मुभा आहे, पण धोक्याच्या खुणांच्या वेळी आम्ही त्याला उठवू. तपासणीचे कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी आणि घरापासून दवाखान्यापर्यंत रात्री कोण नेईल त्याचा फोन नंबर बरोबर आणावा. नावे महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे द्यावीत. सरावासाठी दोन जुन्या बाहुल्या हव्या आहेत, कोणाकडे असतील तर पाठवाव्यात. चहा महिला मंडळ देईल. कप धुण्याचे काम पहिल्या रविवारी नवऱ्यांकडे आहे.

तुमचे धर्मगुरू